एक नग शिडी

पोलिसांना मदत करावी, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. पोलिसांना तसं कधी वाटलेलं नाही. शेजारच्या काकांकडे चोरी झाली आणि चोर आमच्याच परसातली बांबूची शिडी लावून त्यांच्या गॅलरीत चढला, एवढं कळल्यावर मी हातातला चहा तसाच ठेवला आणि, बायको मागून सदरा ओढत असतानाही, हवालदारांना म्हणालो, "साहेब, शिडी घेऊन जा, तपासाला लागेल." त्यांना ती नको होती. मी जीपपर्यंत पोचवली.

पंचनाम्यात तिचं वर्णन आलं: "बांबूची शिडी, एक नग, नऊ पायऱ्या, खालून तिसरी सुतळीने बांधलेली, जु.वा.किं.अं. रु. १५०." जुनी वापरती, किंमत अंदाजे. बायको म्हणाली, "तुमचाही पंचनामा करून घ्यायचा होता."

चोर लवकर सापडला, म्हणून मी शिडी मागायला गेलो. ठाणे अंमलदारांनी तपासी अंमलदारांकडे पाठवलं, त्यांनी मुद्देमाल कारकुनाकडे, आणि कारकुनाने रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं, "पावती?" शिडी वडिलांनी बाजारातून खांद्यावर टाकून आणली होती, पावती कुठली? पलीकडे गंजलेल्या मोटारसायकलींमागे ती उभी दिसली. गळ्यात सहीशिक्क्याचं लेबल, वरच्या पायरीवर कुणाचा तरी रेनकोट वाळत. "कोर्टाची ऑर्डर आणा," कारकून म्हणाले.

वकिली शिकणारा पुतण्या खूश झाला. "काका, पूर्वीचं कलम ४५१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४९७! शिवाय सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलंय, मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस, फार तर महिनाभर ठेवावा." हे मी कारकुनांना ऐकवलं. त्यांनी रेनकोट उलटा करून वाळत टाकला.

मग अर्ज, शपथपत्र, पोलिसांचा 'से', सरकारी वकिलांचं म्हणणं आणि शिडीचे फोटो. फोटोवाल्याने "हिची समोरची बाजू कुठली?" असं विचारल्यावर मी बराच वेळ विचारात पडलो. सगळ्यांनी माझ्या मालकीबद्दल शंका काढल्या. आरोपीच्या वकिलांनी मात्र लगेच लिहून दिलं, "हरकत नाही." त्या अख्ख्या इमारतीत माझ्यावर विश्वास असलेला माणूस म्हणजे तो चोर.

शिडी सुपूर्दनाम्यावर मिळाली. विकणार नाही, कुणाला देणार नाही, स्वरूपात बदल करणार नाही आणि कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करीन, असं मी बंधपत्रावर लिहून दिलंय. त्यामुळे ती तिसरी पायरी दुरुस्त करता येत नाही, आणि चढताना मोडली तर पुराव्यात फेरफार होईल म्हणून बायको कुणाला तिच्यावर पाय ठेवू देत नाही. परवा पंखा पुसायला शेजारच्या काकांकडे त्यांची नवी ॲल्युमिनियमची शिडी मागितली.

काकांनी आधी वहीत सही घेतली.