लिहिण्याआधी ऐकावे

कथालेखन सुधारण्यासाठी पॉडकास्ट ऐकणे हा लेखन टाळण्याचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार आहे. त्यातला मानाचा कार्यक्रम अमेरिकेतला ‘रायटिंग एक्स्क्यूजेस’. ब्रँडन सँडरसन, डॅन वेल्स आणि हॉवर्ड टेलर यांनी तो २००८ मध्ये सुरू केला. सातव्या पर्वाला २०१३ चा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. भाग छोटेखानी, शेवटी गृहपाठ आणि ‘सबबी संपल्या, आता लिहा’ अशा अर्थाचा निरोप. तो कानी पडताच श्रोता आज्ञाधारकपणे पुढचा भाग लावतो.

‘न्यूयॉर्कर’चा कथा-पॉडकास्ट अधिक घातक. त्यात एखादा लेखक या साप्ताहिकात पूर्वी आलेली दुसऱ्या कुणाची तरी कथा निवडून वाचतो आणि कथासंपादक डेबोरा ट्रीसमन यांच्याशी तिच्यावर बोलतो. इथे खरोखरच शिकायला मिळते: लेखकाने कोणती गोष्ट कुठवर दडवली, निवेदक कुठे लबाडी करतो, मोठ्याने वाचताना कोणते वाक्य पाय ओढते. एवढे कळल्यावर स्वतःचा मसुदा उघडायची छाती होत नाही, हा भाग वेगळा.

ऐकण्याची सर्वमान्य वेळ भांडी घासतानाची. त्यामुळे निदान भांडी तरी लख्ख होतात. संवादलेखनावरचे भाग ऐकताना मात्र घरातली बोलणी हेडफोनबाहेर ठेवावी लागतात.