सत्तावन्न बाय सत्तावन्न

नानांना वय विचारलं तर ते क्षणभर हिशेब करतात. चेतकचा बोअर विचारला तर हिशेबाची गरज पडत नाही. "सत्तावन्न. आणि स्ट्रोकही सत्तावन्नच. चौरस इंजिन, १४५.४५ सीसी." समोरचा चुकून 'दीडशे सीसी' म्हणाला, तर नाना त्याला दशांशचिन्हापुढचे दोन्ही आकडे दोनदा म्हणायला लावतात.

पुण्यात असे नाना पेठेगणिक सापडतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे काका. खुणा सगळीकडे त्याच. दारात टू-स्ट्रोक स्कूटर, बोटांच्या पेरांत न निघणारं ग्रीस आणि शर्टाच्या खिशात, जिथे इतरांचा चष्मा असतो तिथे, व्हर्नियर कॅलिपर. बुधवारी आणि रविवारी ते जुन्या बाजारात दिसतात. इतर वारी नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत. तिथे ते सहसा काही घेत नाहीत. पार्ट हातात घेतात, व्हर्नियर लावतात, "हं" म्हणतात आणि परत ठेवतात. दुकानदारांनी आता त्यांच्यासाठी वेगळं स्टूल ठेवलंय.

हा स्वभाव वडिलोपार्जित आहे. चेतक १९७२ साली बाजारात आली आणि त्यानंतर बराच काळ ती विकत मिळण्याऐवजी नंबराने मिळत असे. नानांच्या वडिलांनी नंबर लावला तेव्हा नाना चौथीत होते. गाडी दारात आली तेव्हा नानांना मिसरूड फुटलं होतं. मधली सगळी वर्षं घरात एकच चर्चा होती, ती रंगाची. आकुर्डीहून शेवटी जो रंग आला तो कुणीच मागितलेला नव्हता, आणि तरी सगळे खूश होते. गाडी मिळण्यापेक्षा गाडी ठरवण्यात जास्त सुख असतं, हे नानांना तेव्हाच कळलं असावं.

आता ते सुख एका प्रश्नात साठलंय. आधी सिलिंडर बदलावा की क्रँक?

सिलिंडरच्या बाबतीत नाना मुलीसाठी स्थळं पाहणाऱ्या बापासारखे वागतात. बिडाचा सिलिंडर म्हणजे गावातलं माहितीचं घराणं. जड आहे, तापतं लवकर, पण स्वस्त. पुढेमागे ओरखडा उमटला तर लेथवर नेऊन बोअर करता येतं, ओव्हरसाइज पिस्टन टाकला की संसार पुन्हा सुरू. ॲल्युमिनियमचा, आतून निकेलचा कडक मुलामा दिलेला, म्हणजे परदेशी स्थळ. हलका, उष्णता भराभर बाहेर टाकणारा, पिस्टनच्या बरोबरीने फुगणारा आणि आकसणारा. पण एकदा मुलामा खरवडला गेला की बोअरिंगवाला हात जोडतो. पोलिनी, मालोसी, पिनास्को ही इटलीतली घराणी नानांना गोत्रासकट पाठ आहेत. "६३ मिलिमीटरचा पिस्टन घे," ते कट्ट्यावर सांगतात, "स्ट्रोक तोच ठेव. १७७ सीसी झाले." ऐकणारा हरखतो न हरखतो तोच नाना पुढे म्हणतात, "पण क्रँककेसमधले ट्रान्सफर पोर्ट जुळवलेस का? सिलिंडरची खिडकी मोठी आणि केसची बोळ अरुंद, मग आत येणार काय, तुझं नशीब?"

क्रँकवर आले की नाना आवाज खाली आणतात. कारण या जातीच्या इंजिनात क्रँक नुसता फिरत नाही, तो दारही राखतो. त्याच्या चकतीच्या काठानेच इनटेक उघडतो आणि मिटतो. काठ थोडा कापला तर दार जास्त वेळ उघडं राहतं, मिश्रण जास्त आत येतं. हाव सुटून जास्त कापला, तर आत आलेलं मिश्रण कार्बोरेटरकडे उलटं थुंकलं जातं. चकती आणि केस यांच्यामध्ये वाळूचा एक कण गेला, तरी दाराची फट कायमची. हे सांगताना नाना आपोआप टेबलावर फुंकर मारतात.

आणि मग साठचा क्रँक! सत्तावन्नऐवजी साठचा स्ट्रोक घेतला की तोच ६३चा पिस्टन १८७ सीसी देतो. फक्त पिस्टन दीड मिलिमीटर जास्त वर जातो आणि दीड मिलिमीटर जास्त खाली. तो हेडवर आपटू नये म्हणून दीडचं पॅकिंग घालायचं. ते कुठे घालायचं, यावर नानांचं त्यांच्या एका सख्ख्या मित्राशी बोलणं बंद झालंय. मित्र म्हणतो, सिलिंडरच्या खाली. तसं केलं की सगळे पोर्ट वर सरकतात, एक्झॉस्ट लवकर उघडतो आणि गाडी वरच्या आरपीएमला पिसाट पळते. नाना म्हणतात, हेडच्या खाली, म्हणजे पोर्ट जागचे हलत नाहीत आणि खालचा दम टिकतो. "मला सिंहगडाचा घाट डबलसीट चढायचाय," नाना म्हणतात, "विमान उडवायचं नाही." दोघांच्या बायका रोज सकाळी एकत्र फिरायला जातात आणि हा विषय टाळतात.

नानांच्या घरात नातवाच्या कंपासपेटीत कोनमापक राहत नाही. तो क्रँकच्या टोकाला अडकवून पोर्ट किती अंशांवर उघडतो हे मोजलं जातं. लाइट बिलांच्या मागे पोर्टचे पेन्सिलने घासून काढलेले छाप असतात. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत सोडून, पिस्टनने ती किती चेपली हे मोजायचं, म्हणजे हेड आणि पिस्टनमधली फट कळते. हे ज्ञान नानांनी नानींना इतक्या वेळा दिलंय की परवा प्रेशर कुकरची रिंग बदलताना त्यांनीच विचारलं, "अहो, हिचा क्लिअरन्स बघायचा का?"

नानांची स्वतःची स्कूटर? ती स्टँडर्ड आहे. सकाळी ती जरा कलंडवायची, सरळ करायची, तीन किक मारायच्या. सिलिंडर मूळचा, क्रँक मूळचा. कुणी टोकलं की नाना कायदा काढतात. १९८८चा मोटार वाहन कायदा, कलम ५२. आरसी बुकात लिहिलेल्या इंजिनात परस्पर बदल करता येत नाही. या एका कलमावर नानांनी गल्लीतली कितीतरी होतकरू पोरं घरी पाठवली.

म्हणूनच तो मुलगा आला त्या दिवशी नाना सापळ्यात सापडले. पोरगा इंजिनिअरिंगचा. खोक्यात सिलिंडर, पिस्टन, साठचा क्रँक, सगळं घेऊनच आला. नानांनी कलम ५२ काढलं. तो म्हणाला, "रस्त्यावर नाही नाना, मातीच्या ट्रॅकवर पळवायचीये." नानांनी ट्रान्सफर काढले. त्याने जुळवलेल्या केसचे फोटो दाखवले. नानांनी पॅकिंगचा हुकमी एक्का टाकला. तो म्हणाला, "अर्धं खाली, अर्धं वर." नानांनी इतका बेशरम तोडगा आयुष्यात ऐकला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तो गाडी घेऊनच कट्ट्यावर आला. किक एकच. नानांनी गाडी बंद करायला लावली, प्लग काढला, उन्हात धरला. मिश्रण पातळ असतं तर पांढरट दिसला असता, जाड असतं तर काळा. प्लग कॉफीच्या रंगाचा होता. नाना बराच वेळ प्लगकडे बघत राहिले. ठरवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. सगळं ठरलं होतं, बसवलं होतं आणि चालत होतं. कट्ट्यावर कुणाला काय बोलावं ते सुचेना. एकाने नानींना बोलवावं का, असंही हळूच विचारलं.

मग नानांची नजर पुढच्या चाकावर गेली.

"इंजिन १८७चं," ते सावकाश म्हणाले, "आणि ब्रेक?"

"मूळचाच आहे नाना. ड्रम."

"म्हणजे १४५.४५चा." नानांनी व्हर्नियर बाहेर काढला. चेहऱ्यावर तरतरी परत आली. "डिस्क बसवावी लागेल. पण डिस्क म्हणजे आधी फोर्क बदलणं आलं. आणि फोर्क म्हटला की बाळा, घाई करून चालायचं नाही. बस जरा. चहा घे."