शिल्लक : १२५ नग

आमच्या कंपनीत माणसाचं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर असतं. एरवी "क्वालिटी कुठे उलथली?", "मेंटेनन्सला चहा सांगा", "एचआर आज तापलंय" असाच कारभार. त्यामुळे चाकणजवळच्या महाळुंग्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं नट, बोल्ट, ओ-रिंग आणि हातमोजे सांभाळत बसलेल्या या गृहस्थाला सगळे 'स्टोअर' म्हणतात. तोही फोन उचलून "हां, स्टोअर बोलतोय" म्हणतो. एकदा वहिनींचा फोन आला तेव्हाही तेच म्हणाला, तर पलीकडून "मग येताना एक किलो साखर इश्यू करा" असं उत्तर आलं म्हणे.

स्टोअर नियमाचा माणूस. इश्यू स्लिपशिवाय त्याच्या खिडकीतून वॉशरसुद्धा बाहेर पडत नाही. एकदा खुद्द प्लँट हेडनी पाहुण्यांसाठी सेफ्टी गॉगल मागितले. स्टोअर उभा राहिला, अदबीनं नमस्कार केला आणि म्हणाला, "साहेब, स्लिप?" साहेबांनी निमूट स्लिप भरली. 'मागणी करणाऱ्याची सही' या चौकटीत सही करतानाचा त्यांचा चेहरा मी पाहिलेला आहे.

तर असा हा माणूस फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये भोसरीला चढतो, खिडकी धरतो, डबा मांडीवर ठेवतो, मोबाइल आडवा करतो आणि पोकेमॉन पकडायला लागतो.

२०१६ साली लोक मोबाइल समोर धरून रस्त्यात ठेचा खात शोधत होते, ते हे पोकेमॉन नव्हेत. तो 'पोकेमॉन गो' भारतात अधिकृतपणे त्या वर्षीच्या डिसेंबरात आला. त्याआधीच गुजरात उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली होती, की या खेळात देवळांमध्ये अंडी दिसतात आणि भावना दुखावतात. स्टोअरनंही थोडे दिवस तो प्रकार करून पाहिला. त्यातलं अंडं उबवायला तेव्हा दोन, पाच नाहीतर दहा किलोमीटर चालावं लागायचं. गाडीनं भरधाव गेलात तर अंतर धरत नाहीत, वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपासच हवा. आमच्या यार्डात पाटी आहे : 'वेगमर्यादा १० किमी'. झालं! स्टोअरचा मोबाइल फोर्कलिफ्टच्या सीटखाली बसून दिवसभर कॉइलच्या मागे फिरू लागला आणि संध्याकाळी पिलं बाहेर पडू लागली. सेफ्टीवाल्यानं ते पकडलं. रिपोर्टमध्ये काय लिहावं हे न कळल्यामुळे त्यानं सोडून दिलं.

स्टोअरचा खरा खेळ जुना आहे. २००४ चा 'फायररेड'. तो ज्याची सुधारलेली आवृत्ती आहे तो मूळ खेळ जपानात २७ फेब्रुवारी १९९६ ला आला, चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या 'गेम बॉय' नावाच्या डबीवर. रानात फिरायचं, गवतातून प्राणी निघाला की त्याला दमवायचं, चेंडूत बंद करायचं, वाढवायचं, वहीत नोंद करायची. एकूण प्रकार १५१. आज ते हजारावर गेलेत, पण स्टोअर म्हणतो, "पुढचा माल मी इनवर्ड केलेला नाही."

हा खेळ रचणारे सातोशी ताजिरी टोकियोच्या कडेला माचिदा भागात वाढले आणि लहानपणी किडे गोळा करण्यात बुडालेले असत. पुढे तळी बुजली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, किडे दिसेनासे झाले. मग पुढच्या पोरांसाठी त्यांनी ते किडे यंत्रात भरले. ही गोष्ट मी स्टोअरला बसमध्ये सांगितली तेव्हा बस मोशीच्या पुढे होती. त्यानं मोबाइल खाली ठेवला, म्हणजे गोष्ट लागली असणार. "इथंच," तो खिडकीबाहेरच्या गोदामांकडे बोट करून म्हणाला, "बाभळी होत्या. सोनकिडे मिळायचे. काडेपेटीत ठेवायचो, बाभळीचा पाला घालून. माझ्याकडे सात काडेपेट्या होत्या, नंबर टाकलेल्या." म्हणजे हा तेव्हापासूनच स्टोअर होता.

२००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पिकाचूची मालिका हिंदी बोलू लागली आणि भोसरीतल्या पोरांचा अभ्यास संपला. वेफरच्या पुड्यातून टॅझो नावाच्या चकत्या निघायच्या, त्यासाठी पोरं वेफर न खाता पुडे फोडायची. खरी गेम बॉय कुणाकडे असणार? दुबईला मामा असलेल्या एखाद्याकडे. बाकीच्यांनी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून कॉम्प्युटरलाच गेम बॉयचं सोंग घ्यायला लावलं. स्टोअरनं तिथं सुरू केलेला खेळ आजही तोच आहे, नवा नाही. सेव्ह केलेली ती फाईल आधी फ्लॉपीवर, मग पेनड्राइव्हवर, मग स्वतःच स्वतःला पाठवलेल्या ईमेलवर आणि तिथून मोबाइलवर असा प्रवास करत आली आहे. "आमच्या लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह हरवला," वहिनी सांगतात, "हा नाही हरवला." खेळात एकूण किती वेळ घालवला हे दाखवणारं घड्याळ असतं. ते ९९९ तास ५९ मिनिटांवर थांबतं, त्यापुढे मोजतच नाही. स्टोअरचं कधीच थांबलंय. तेव्हापासून तो बिनपगारी ओव्हरटाइमवर आहे.

आता कुणी म्हणेल, स्लिपशिवाय वॉशर न सोडणाऱ्या या माणसाकडे तो गेम कुठल्या स्लिपवर आला? हा प्रश्न मी एकदा विचारला. स्टोअरनं मला चहा पाजला.

मला बरेच दिवस वाटायचं की हा पोरकटपणा आहे. मग एकदा त्यानं मला खेळातलं कोठार दाखवलं. पकडलेले प्राणी ठेवायला १४ पेट्या, प्रत्येक पेटीत ३० खण. माणसं त्यात प्राणी कोंबतात आणि विसरतात. स्टोअरनं प्रत्येक पेटीचं नाव बदलून रॅकचा नंबर दिलेला होता : ए-०१, ए-०२, बी-०१. पाण्यातले एका रॅकवर, विषारी वेगळे, जळाऊ त्यांच्यापासून लांब. ("फायर सेफ्टी," तो गंभीरपणे म्हणाला.) रोज लागणारे खालच्या रांगेत, वर्षातून एकदा लागणारे वरती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वहीत जेवढे, तेवढेच पेटीत.

हे शेवटचं नीट कळायला चाकणच्या स्टोअरमध्ये दहा मिनिटं बसावं लागतं. आमच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटर सांगतो एम-८ चे बोल्ट ४,२०० आहेत, बिनकार्ड सांगतं ३,९५० आणि बिनमध्ये हात घातला तर त्यातले निम्मे एम-६ निघतात. रात्रपाळीनं काहीतरी उचलून नेलेलं असतं, स्लिप "सकाळी देतो" म्हणून राहिलेली असते. पलीकडे गिऱ्हाईक कंपनीची लाइन थांबली की मिनिटामिनिटाचा हिशोब होतो, मग सगळे खिडकीशी येऊन एका सुरात ओरडतात. या गदारोळात ज्याला दिवस काढायचा आहे त्याला असं एक कोठार हवंच, जिथे शिल्लक जुळते.

दुसरी गोष्ट, या खेळात शत्रू थांबतो. आमचे ट्रेनी बंदुकीचे खेळ खेळतात. ऐन गोळीबारात सुपरवायझरनं हाक मारली की मेले. मग दिवसभर तोंड पाडून डीबरिंग करतात. स्टोअरचं तसं नाही. समोर आग ओकणारा ड्रॅगन उभा असला आणि खिडकीवर कुणी टकटक केली, तरी स्टोअर मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवतो, चाळीस ग्लोव्ह्ज मोजून देतो, सही घेतो, आलेल्या मालाची जीआरएन करतो, जेवून येतो. ड्रॅगन तसाच उभा. तुम्ही ठरवाल तेव्हा तुमची पाळी. "साहेब," तो मला म्हणाला, "या पट्ट्यात माझ्यासाठी थांबणारा तो एकटाच आहे." त्याच्या पोरालाही खेळ दाखवून झाला. तिसरीतल्या त्या गृहस्थानं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "पप्पा, यात नुसतं वाचायचंच असतं."

पोरगा चुकला नाही. स्टोअर मराठी शाळेतला. त्याचं निम्मं इंग्रजी या खेळातलं आहे. एका सप्लायरनं गंज धरलेला माल पाठवला तेव्हा त्यानं ईमेल लिहिला होता, की तुमचं अँटी-रस्ट ऑइल 'नॉट व्हेरी इफेक्टिव्ह' आहे. खाली ताजा कलम : आधीच्या लॉटचं 'सुपर इफेक्टिव्ह' होतं. सप्लायरनं लगेच माल बदलून दिला.

बोलण्यातही तेच. पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकात ट्रेलर आडवा होऊन बस अडकली, की सगळी बस शिव्या घालते. स्टोअर मान वर न करता म्हणतो, "स्नॉरलॅक्स झोपलाय." खेळात या नावाचं एक धूड रस्ता अडवून घोरत पडलेलं असतं आणि विशिष्ट बासरी वाजवल्याशिवाय उठत नाही. आमच्याकडे बासरी ट्रॅफिक पोलिसाकडे असते, पण तो आंबेठाण चौकात असतो. नवीन आयटीआयवाल्या पोरांना तो 'मॅजिकार्प' म्हणतो. खेळात एक माणूस भोळ्या गिऱ्हाइकाला पाचशेला हा मासा विकतो. या माशाला सुरुवातीला एकच विद्या येते, जागेवर उड्या मारणं, आणि तिचा कुणावर काहीही परिणाम होत नाही. पण दम धरून त्याला विसाव्या पातळीपर्यंत नेलं, की त्याचा भलामोठा समुद्रसर्प होतो. म्हणून स्टोअर कुठल्याच ट्रेनीला झापत नाही. "उड्या मारू द्या," म्हणतो, "लेव्हल यायचीय." त्यानं असं सांभाळलेलं एक पोरगं आज गिऱ्हाईक कंपनीत सप्लायर क्वालिटीला आहे आणि आमचाच माल रिजेक्ट करतं. स्टोअरला त्याचा केवढा अभिमान!

आता खरी गोम. हा खेळ एकट्याला पुरा करता येत नाही. सुरुवातीला तीन पिलांतलं एकच मिळतं, उरलेली दोन घराणी गेली. दोन जीवाश्मांतलं एकच. काही प्राणी फायररेडमध्ये निघतच नाहीत, ते जुळ्या 'लीफग्रीन'मध्ये निघतात. ते हवे असतील तर तो खेळ असलेला माणूस शोधा, दोन यंत्रं जोडा, अदलाबदल करा. ताजिरींच्या डोक्यात मुळात हेच होतं : दोन गेम बॉय जोडणारी केबल आणि तिच्यातून इकडून तिकडे सरपटणारे किडे. एकट्यानं कितीही घाम गाळला तरी स्टोअरचा साठा १५१ पैकी १२५ च्या पुढे सरकत नाही. आणि त्यातही चार जण असे की त्यांना बदली झाल्याशिवाय बढतीच नाही. कडाब्रा नावाचा चमचेवाला मांत्रिक आहे. त्याला शंभराव्या पातळीपर्यंत शिकवा, तो कडाब्राच राहणार. दुसऱ्याच्या यंत्रात गेला, की त्या क्षणी त्याचा अलाकाझाम होतो.

"चाकणचंच आहे हे," मी म्हणालो. इथे इंजिनिअर एकाच कंपनीत राहिला तर पगारवाढ सात टक्के, खालुंब्र्याच्या शेडमधून निघोज्याच्या शेडमध्ये गेला तर तीस. काम तेच, कँटीनची उसळही तीच. "तुम्ही का नाही बघत दुसरीकडे?" मी स्टोअरला विचारलं. त्यानं मला परत कडाब्राबद्दलच समजावून सांगितलं, जरा सावकाश, मला कळलं नसेल म्हणून.

सायबर कॅफेत ती केबल नव्हती. ब्लूटूथवरून जोडता येणारे मोबाइल आले, तोवर बरोबरची पोरं हप्त्यांच्या मागे लागली होती. कडाब्रा ए-०१ मध्ये पहिल्या खणात पडून होता. स्टोअरच्या भाषेत 'नॉन-मूव्हिंग'.

मग यंदा ३१ मार्च आला. वार्षिक स्टॉक मोजणीला ऑडिटरच्या ऑफिसमधून चिंचवडचं एक आर्टिकलशिपचं पोरगं आलं होतं, चष्मेवालं, गंभीर. बोल्ट वजनकाट्यावर टाकून नग काढायचं काम चाललं होतं. दुपारी जेवताना स्टोअरनं मोबाइल आडवा केला. पोरानं डोकावून पाहिलं आणि बिनबिनचा हिशोब मागणाऱ्या आवाजातच म्हणालं, "फायररेड का? माझ्याकडे लीफग्रीन आहे."

स्टोअरचा घास हातात राहिला. मी इतक्या वर्षांत त्याला स्टॉकमध्ये दहा हजारांचा फरक निघाल्यावरही असा गडबडलेला पाहिला नव्हता.

बोलणी ठरली. कडाब्रा पोराच्या मोबाइलवर जाणार, तिथं बढती घेणार आणि लगेच परत येणार. ब्लूटूथ जोडलं. आणि ऐन वेळी स्टोअर थांबला. ड्रॉवर उघडून त्यानं पुस्तक काढलं, कार्बन घातला आणि रिटर्नेबल गेटपास लिहिला. वर्णन : कडाब्रा. नग : १. परतीची अपेक्षित तारीख : आजच. पोरानं अक्षरही न बोलता सही केली. मला वाटतं, पुढे तो सीए चांगला होईल.

कडाब्रा गेला. पोराच्या स्क्रीनवर लखलखाट झाला, अलाकाझाम झाला, पाच मिनिटांत परत आला. मी टाळी वाजवणार, एवढ्यात स्टोअरच्या कपाळावर आठ्या.

"हे नाही चालणार," तो गेटपासकडे बघत म्हणाला. "गेला कडाब्रा, आला अलाकाझाम. गेलेला आयटम परत आलेलाच नाही. उद्या कुणी विचारलं तर?"

"प्लेटिंगला पार्ट पाठवतो तेव्हा काय करता?" पोरगं म्हणालं.

स्टोअरनं त्याच्याकडे पाहिलं. गेटपास टरकन फाडला, त्यावर 'रद्द' लिहिलं, तिन्ही प्रती पुस्तकात टाचल्या आणि जॉबवर्कच्या चलनाचं पुस्तक पुढे ओढलं. पोरानं पेन हातात घेतला, दोन रकाने भरले आणि मान वर केली.

"काका, एचएसएन कोड काय टाकू?"

"थांबा," स्टोअर म्हणाला आणि कोडची यादी काढायला रॅकमागे गेला. खिडकीवर दोन ऑपरेटर ग्लोव्ह्जसाठी टकटक करत होते.