अर्धेकाका

टिंगरेनगर, प्रतीकनगर, धानोरी, कळस. पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या चौकातून कुठल्याही बाजूला वळा, एखाद्या सोसायटीच्या गेटापाशी तुम्हाला अर्धेकाका भेटतीलच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. अंगात कॉलरचा टी-शर्ट, पायात मुलानं बंगळुरूहून पाठवलेले भारीतले बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, आणि या सगळ्याच्या मधोमध, ज्याच्यापायी एवढा खर्च झाला, ते पोट.

अर्धे हे काही त्यांचं आडनाव नाही. वजन कमी करायचं मनावर घेतल्यापासून त्यांनी अख्खं असं काही खाल्लेलं नाही, म्हणून हे नाव पडलं. अर्धा वडापाव, अर्धी खारी, अर्धी जिलबी, अर्धा कप चहा. दोन अर्धे मिळून एक होतो हे त्यांना कळत नाही असं नाही. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत त्यांची सगळी नोकरी मापं तपासण्यात गेली. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवणारा माणूस. पण ते गणित धातूचं. फरसाणाला ते लागू नाही.

सकाळी काका दीक्षित पंथाचे असतात. डॉ. श्रीकांत जिचकरांचं सूत्र पुढं नेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्राला सांगितलं, की दिवसातून दोनदाच जेवा, कडकडून भूक लागेल तेव्हाच जेवा, जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मधे काही तोंडात टाकलं की इन्शुलिन वाढतं, म्हणून मधे काही नाही. यातला ५५ मिनिटांचा आकडा काकांना फार भावला. काकू म्हणतात, भावणारच. आधी पंधरा मिनिटांत उठायचे, आता उरलेली चाळीस वसूल करतात.

दुपारी चारला मात्र काकांचं पंथांतर होतं. चारला ते आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचे. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, आजी खायची ते खा, तुपाला घाबरू नका, मूठभर शेंगदाणे खा. २०१८च्या सुमारास या दोन पंथांवरून मराठी घरांत जी भांडणं झाली, तेवढी मालमत्तेवरूनही होत नसतील. अर्धेकाका कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी दोघांचं अर्धं अर्धं घेतलं. न्याहारी टाळली ती दीक्षितांच्या शब्दाखातर, आणि चारला दाणे खाल्ले ते दिवेकरांच्या. माझं एकच म्हणणं आहे. मूठ सांगताना कुणाची मूठ तेही सांगायला हवं होतं. काकांची मूठ फॅक्टरीत मापं धरून धरून रुंद झालेली मूठ आहे.

चारची भूक खोटी असते असं कुणी म्हटलं की काका थेट जपानला जातात. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधलं. ते जठरात तयार होतं, आणि ज्या वेळेला रोज खायची सवय असते त्या वेळेच्या आधीच रक्तात वाढायला लागतं. मुलीनं हे मोबाईलवर वाचून दाखवलं तेव्हा काकांना त्यात नवीन काही वाटलं नाही. फॅक्टरीत चहाची किटली शॉपच्या दारात यायच्या आत सगळ्या सेक्शनच्या पोटात कालवाकालव व्हायची. जपान्यांना ते कळायला १९९९ उजाडलं, एवढंच.

घरात काकूंचा बंदोबस्त कडक आहे. समोरच्या फळीवर भाजलेले फुटाणे, काकडी, पातळ ताक आणि हवाबंद बरणीत मखाणे. (मखाणे मी खाल्ले आहेत. खाल्ल्याचं समाधान नाही आणि उपासाचं पुण्यही नाही.) बाकरवडीचा डबा गव्हाच्या कोठीमागे. तो कुठं आहे हे काकांना माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे हे काकूंनाही माहीत आहे. पण काका डब्याला हात लावत नाहीत. स्वतःच्या हातानं काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. ते पेपरमधून डोकं वर न काढता विचारतात, "अगं, ती बाकरवडी मऊ पडली असेल ना?"

"नाही पडली."

"पावसाळी हवा आहे. बघून घ्यायला हवी."

काकू एक बाकरवडी आणून हातावर ठेवतात. काका ती मोडतात, आवाज ऐकतात, अर्धी खातात आणि मान हलवतात. एका नगावरून अख्ख्या लॉटचा निर्णय देता येत नाही. सॅम्पल निदान दोन लागतात.

पोट सुटण्याचं कारण त्यांना विचारलंत, तर ते २०१७ सालाकडे बोट दाखवतील. त्या वर्षी चितळे बंधू मिठाईवाल्यांनी दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवायचा रिवाज मोडला. तोवर पुणं शहर आपल्या नागरिकांच्या कमरेची काळजी घेत होतं, असं काकांचं मत. "अहो, पण चारला ते तेव्हाही उघडायचेच की," काकू म्हणतात. आणि तुमचं काय ते चारनंतरच असतं, हे पुढचं वाक्य त्या बोलत नाहीत. संसार टिकतात ते असे.

सव्वाचारला काका बूट चढवतात. पावलं पुरी करायची असतात. विश्रांतवाडीत पावलं कुठंही पुरी करता येतील, पण काकांची चौकाच्याच दिशेनं पडतात. आळंदीकडं निघालेली पीएमपी, लोहगावकडं वळणाऱ्या रिक्षा, ज्यूसवाल्याच्या मिक्सरचा आवाज, आणि कोपऱ्यावर ती वडापावची गाडी. साडेचारच्या आगेमागे तिथं पहिला घाणा पडतो. बेसनात बुडवलेला बटाट्याचा गोळा कढईच्या कडेनं आत सरकतो, तेल क्षणभर गप्प बसतं आणि मग एकदम उसळतं. झारा फिरतो, वडे कूस बदलतात, पिठाचे सुटलेले थेंब तळून तळून तांबूस होतात. काका गाडीकडं पाठ करून उभे असतात. बघितलं की खावंसं वाटतं, म्हणून ते फक्त वास घेतात.

"काका, देऊ?"

"छे रे. डायट चालू आहे."

दुसरा झारा निघतो.

"बरं, एक दे. पाव नको. पाव मैद्याचा."

"नुसता वडा?"

"अर्धा."

"अर्धा कसा विकू, काका?"

"तू अख्खा दे रे. मी अर्धा खातो."

इथं कळसहून चालत आलेले दुसरे अर्धेकाका हजर होतात. हे बँकेतून निवृत्त. यांना शुगर आहे, बॉर्डरवर, गेली कित्येक वर्षं तिथंच. पहिले काका अर्धा वडा पुढं करतात. दुसरे दोन्ही हात वर करून नको नको म्हणतात आणि तेच हात खाली आणताना घेतात. मग लक्षात येतं, की हा अर्धा चटणीशिवाय गेला. चटणीशिवायचा धरायचा का? म्हणून दुसरा वडा, अर्धा अर्धा, चटणी लावून. लसणाची चटणी तिखट, ती नुसती सोसत नाही, म्हणून एक पाव, निम्मा निम्मा. पाव उरतो, वडा संपतो. मग वडा उरतो, पाव संपतो. गाडीवाला शहाणा आहे, तो काही बोलत नाही. मधूनमधून झाऱ्यातला चुरा आणि मीठ लावलेल्या दोन मिरच्या कागदावर सरकवतो. चुऱ्याचे पैसे नसतात, त्यामुळं कॅलरीही नसतात. शेवटी हिशेब होतो: तीन वडे, दोन पाव. दोघांनाही कुठल्याही कोर्टात उभं करा, शपथेवर सांगतील, की अर्धाच खाल्ला. परतीच्या वाटेवर मनगटावरचं घड्याळ थरथरतं. आजची पावलं पूर्ण झाली, अभिनंदन.

एकादशीला अर्धेकाका उपास करतात, आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हण कुणी ऐकवली तर साबुदाण्याची बशी खाली न ठेवता हसतात. पण त्यांचा खरा मोठा दिवस ज्येष्ठातला. माउलींची पालखी आळंदीहून निघून दिघीमार्गे विश्रांतवाडीत येते आणि पुढं फुलेनगरकडं जाते, त्या दिवशी सगळा आळंदी रोड वाढपी होतो. केळी, चहा-बिस्किटं, पोहे, राजगिऱ्याचे लाडू. काका पहाटेपासून मांडवात उभे. श्रद्धेत खोट नाही, पाय सुजेपर्यंत उभे असतात. लाडवांची खोकी त्यांच्याकडं, कारण मोजमापाचा माणूस. फक्त फुटका लाडू वारकऱ्याच्या हातावर ठेवायला त्यांचं मन धजत नाही. आणि राजगिऱ्याचा लाडू हा फुटतोच.

सुनेनं परवा त्यांना एका आहारतज्ज्ञ बाईंकडं नेलं. बाईंनी वजन वगैरे सोडून आधी दुपारचं जेवण विचारलं. दोन फुलके, दुधीची भाजी, कोशिंबीर. बाई म्हणाल्या, यात डाळ कुठाय, उसळ कुठाय, दही कुठाय? प्रथिनं नसतील तर चारला भूक लागणारच, बिचाऱ्या पोटाचा काय दोष. जेवणात वाटीभर उसळ वाढवा, आणि चारला चोरून काही नको, समोर बसून नीट खायला द्या.

मग चारला काकूंनी टेबलावर मोड आलेल्या मटकीची वाटी ठेवली. वर कांदा, लिंबू, कोथिंबीर. शेजारी ताकाचा पेला. काका बसले. वाटी अख्खी संपवली, ताक संपवलं, आणि ढेकर दिला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी पूर्ण खाल्लं होतं.

"आहे भूक?" काकूंनी विचारलं.

काकांनी पोटावर हात ठेवून खरोखर चाचपून पाहिलं. "नाही गं. अजिबात नाही. बाई हुशार आहेत."

आणि ते बूट घालायला लागले.

"मग आता कुठं निघालात?"

"अगं, ते कळसवाले येऊन उभे असतील. त्यांना शुगर आहे. अख्खा वडा एकट्यानं खाल्ला तर केवढ्याला पडेल!"