दहा मिनिटांचे पाचशे

‘दहा मिनिटांचं काम आणि पाचशे रुपये?’ नवीन पनवेल असो, कामोठे असो की खारघर, प्लंबरची पाठ वळली की घराघरांत हे वाक्य ऐकू येतं. मला या वाक्याचा संताप येतो.

ती दहा मिनिटं नीट मोजा. प्लंबर आधी गेटवर वॉचमनच्या वहीत नाव-नंबर लिहितो. घरातला कॉक गंजून बसलेला, म्हणून गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. गच्चीची चावी सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी ऑफिसात. नळ खोलला की आतला स्पिंडल झिजलेला निघतो. तो खिशात टाकून हार्डवेअरचं दुकान गाठायचं, माप जुळलं नाही तर दुसरं. परत येईतो दोन वाजतात आणि दोन ते चार सोसायटीत ठोकाठोक बंद. शेवटी टेफ्लॉन टेप गुंडाळून नळ बसवायला दहाच मिनिटं लागतात, हे खरं. पण तोवर त्याची अर्धी हजेरी बुडालेली असते. पान्हे त्याचे, पेट्रोल त्याचं, आणि पावसात काम मिळालं नाही तर रिकामा दिवसही त्याचाच.

नळ इतक्या लवकर का जातात, हेही विचारा की! जुन्या पनवेलला पाणी पाजणारं देहरंग धरण गाळानं भरलेलं, म्हणून उन्हाळ्यात पाणीकपात ठरलेली. मग टँकर. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळात साचतो आणि चकती, स्पिंडल सगळं खातो. त्याचा राग प्लंबरच्या मजुरीवर कशाला?

ॲपवरून माणूस बोलावला की स्क्रीनवरचा आकडा आपण मुकाट भरतो, त्यात कंपनीचा हिस्सा असला तरी. नाक्यावरून आलेल्याशी मात्र शंभर रुपयांसाठी हुज्जत. कारागिरांनीही एक सवय सोडावी: ‘बघून घेऊ, काम तर होऊ द्या.’ येण्याचे किती, सामानाचे किती, मजुरी किती, हे पान्हा हातात घेण्याआधी सांगावं आणि सामानाचं बिल दाखवावं. निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

याहून मोठा अन्याय कागदावर आहे. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं इमारतींच्या दुरुस्तीचं कामही बांधकामात धरलं. पण राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घालायचं तर मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. साइटवरच्या मजुराला तो ठेकेदार देईल. आज या घरात नळ, उद्या त्या घरात फ्लश टँक करणाऱ्याला कोण देणार? 2023 साली आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत सुतार आहे, गवंडी आहे. प्लंबर आणि वायरमन नाहीत.

पनवेल महापालिका 2016 साली झाली. तिच्या प्रभाग कार्यालयांनी आठवड्यातून एक सकाळ नाक्यावर टेबल टाकावं आणि चौकशी करून तिथल्या तिथं दाखले द्यावेत. आणि सोसायट्यांनी आपल्याकडे काम करून गेलेल्याला तारीख, काम आणि दिलेली रक्कम लिहून, शिक्का मारून चिठ्ठी द्यावी. वॉचमनच्या वहीत त्याची नोंद आहेच. पुढच्या सभेत हा विषय घ्या.