मरणाचा मुहूर्त

दिवाणी दावा चालू असताना पक्षकाराने मरण्यास कायद्याची मुळीच हरकत नाही. फक्त वेळ पाहून मरावे. बांधाच्या दाव्यात गेलात, तर वारसांची नावे लावायला 90 दिवस मिळतात. ते चुकले की दावाही वारतो. त्याला मात्र उठवता येते: पुढच्या 60 दिवसांत अर्ज द्यावा, तेही हुकले तर सोबत विलंबमाफीचा जोडावा. माणसासाठी अशी सोय नाही, यावरून बांधाची योग्यता कळावी.

अब्रूनुकसानीच्या वादीने युक्तिवाद संपेपर्यंत तग धरावा. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानुसार तो दावा धन्यासोबत सरणावर जातो.

सर्वोत्तम मुहूर्त युक्तिवाद संपल्यावर, निकालाआधी. दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर 22, नियम 6: तेव्हा मेलेल्याचा निकाल मृत्यूपूर्वी लागल्याइतकाच पक्का. पंचांगकर्त्यांनी विवाहमुहूर्तांशेजारी हा रकाना छापावाच.

लग्नाची गाठ मरणाने सुटते, वकीलपत्राची नाही. अशील वारल्याचे वकिलाने कोर्टाला कळवायचे असते आणि तेवढ्यापुरता दोघांतला करार, नियम 10-अ म्हणतो, चालूच समजावा. फी कोणी द्यायची, यावर नियम गप्प आहे. पिंडाला कावळा का शिवत नाही, याचे एक कारण तरी सापडले.