क्वालिटीवाले काका

मोहम्मद बिन झायद सिटीत मराठी घरी दीड दिवसाचा गणपती बसला की कापूर, निरांजन, ताम्हन सगळं वेळेवर मांडलेलं असतं. खोळंबा असतो तो ट्रायपॉडचा. यजमान काडेपेटी धरून उभे, पोरं मोदकांवर डोळा ठेवून, आणि क्वालिटीवाले काका ओरडतात, "अहो, ती ट्यूबलाइट बंद करा, व्हाइट बॅलन्स बोंबलतोय!" मग अर्ध्या अंधारात सुखकर्ता सुरू होतो.

मुसफ्फाच्या शेजारची ही व्हिलांची वस्ती. अबूधाबी शहरातलं भाडं झेपेनासं झालं की माणूस बिऱ्हाड घेऊन इकडे येतो. काकाही तसेच आले. सामानात भांडी कमी, टेपा जास्त. आधी हाय-एट, मग मिनीडीव्ही, मग एव्हीसीएचडीची कार्डं. मोबाइलवर याहून चांगलं शूटिंग होतं, हे त्यांना सांगावं असा मोह होईल. आवरा. ऑप्टिकल झूमचा विषय निघतो आणि तो संपेपर्यंत पंगत उठलेली असते.

काकांचा खरा वैरी कॉम्प्रेशन. त्यांचं म्हणणं असं, आणि ते खरंही आहे: यूट्यूबला काहीही द्या, ते पुन्हा आपल्या मापाने दाबून घेणारच. मिनीडीव्हीची तासाभराची टेप संगणकात उतरली की साधारण १३ जीबी होते. लोक घाबरून ती आधी घरीच चेपतात, मग साइट चेपते. "चिपाडं कसली नेता हो गुऱ्हाळात? ऊस न्या!" काका कळवळून सांगतात. १०८०पीच्या साध्या चित्राला सेकंदाला ८ मेगाबिट द्या, असं यूट्यूब स्वतः सुचवतं. काका तिप्पट देतात.

दुसरं दुखणं इंटरलेसिंगचं. आपल्याकडचे जुने पाल पद्धतीचे कॅमेरे सेकंदाला २५ पूर्ण चित्रं नव्हे, ५० अर्धी चित्रं टिपत. एकदा विषम रेघा, एकदा सम. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही अर्धी एकदम दिसली की टाळ वाजवणाऱ्या हातांना झालर फुटते. बहुतेक जण एक अर्धं फेकून मोकळे होतात. काका दोन्ही जपून ५० पूर्ण चित्रं बनवतात. पण ७२०पीच्या खाली यूट्यूब ५० चित्रं दाखवतच नाही. म्हणून ते ५७६ रेघांचं चित्र मोठं करून १४४० बाय १०८०चं करतात. त्याने नाकीडोळी नवा तपशील उगवत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. फक्त मोठ्या चित्राला साइट जास्त बिटरेट देते. वशिला तिथेही लागतो.

शिवाय डीव्हीचे पिक्सेल चौरस नसतात. ते गणित विसरलं तर माणसं आहेत त्यापेक्षा सडपातळ दिसतात. काका ते इमानेइतबारे दुरुस्त करतात, चेहरे मूळ रुंदीला येतात आणि वहिनीवर्गात नाराजी पसरते. दुरुस्तीपूर्वीच्या प्रतीबद्दल आजवर एकीनेही तक्रार केलेली नाही.

या सगळ्याला वेळ लागतो. काकू चहा ठेवता ठेवता सांगतात, "लेक बारावीला बसली, तिचं बारसं अजून रेंडर होतंय." अपलोड रात्री. व्हिलातलं वायफाय चार बिऱ्हाडांत वाटलेलं, त्यामुळे त्या रात्री शेजारच्या वहिनींची मालिका ऐन सासू-सुनेच्या भांडणात गोल गोल फिरत राहते.

अपलोड झालं की यूट्यूब आधी हलकी प्रत दाखवतं, एचडी मागाहून येतं. म्हणून लिंकखाली काका बजावतात, "तासाभराने पाहावे." चिपळूणची आत्या तत्क्षणी पाहते, तेही एसटीत, आणि लिहिते, "अंधुक आहे रे, पण छान." तिचा नातू मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्ड करून तीच आरती व्हॉट्सअ‍ॅपवर सोडतो. यथावकाश ती काकांकडेच परत येते: बाप्पाचं तोंड ओळखू येत नाही, वर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' आणि खाली कुणाचा तरी शेरा, "किती क्लिअर आहे बघा!" त्या रात्री काका जेवले नाहीत.

हसू येतं, पण माणूस कामाचा आहे. टेप चालवणारा धडका कॅमेरा आणि फायरवायरचं पोर्ट असलेला लॅपटॉप आता सहजी मिळत नाही. काकांनी दोन्ही जगवून ठेवलेत. तुमच्या माळ्यावर मिनीडीव्हीच्या टेपा पडल्या असतील तर लवकर गाठा त्यांना. उतरवलेली मूळ फाइल हार्डडिस्कवर ठेवा, कारण यूट्यूबवरून परत उतरवलेली ती दाबलेलीच असते. आणि काकांकडे जाण्यापूर्वी घरी जेवून घ्या.